‘एवढंच जरा करून द्या ना, ताई’

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून सारांश देते.

या ताई पुण्यात एका मुद्रणालयात आठ वर्षं अक्षरजुळणी आणि मांडणी करत होत्या. मुलगा झाल्यावर नोकरी सोडली. चार वर्षांपासून घरूनच कामं घेतात: पतसंस्थांचे अहवाल, स्मरणिका, लग्नपत्रिका आणि वर्षाला एक दिवाळी अंक. अंकाचे संपादक निवृत्त शिक्षक आहेत, ताई त्यांना ‘सर’च म्हणतात. गेल्या वर्षी १७६ पानांची मांडणी २२,००० रुपयांना ठरली, तीही फोनवर बोलता बोलता. अंक झाला २०८ पानांचा. दोनऐवजी पाचदा प्रुफं, म्हणजे तपासायच्या प्रती, काढावी लागली. चौदा जाहिराती शेवटच्या दहा रात्रींत ‘नुसतं नाव-पत्ता टाकून द्या’ म्हणून आल्या. मग मुखपृष्ठावरची अक्षरं, मग मोबाइलवर वाचायची आवृत्ती, मग प्रकाशन समारंभाची निमंत्रणपत्रिका. ताईंनी नव्वद तास धरले होते, लागले एकशेसत्तर. वर ७,००० रुपये अजून यायचे आहेत. आणि आता सरांचा फोन आला: ‘मजकूर यायला लागलाय, ताई. यंदा कवितांचा विभाग जरा वाढवू या.’

त्या विचारतात, ‘मला नाही म्हणता येत नाही. सर वडिलांसारखे आहेत, माणूस चांगला आहे. पण घरी सगळे म्हणतात, तुझा फायदा घेतात. मी फटकळ व्हायला शिकू, की हा अंकच सोडून देऊ?’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन सरांनी सांगितलेल्या एकेका वाढीव कामापुढे खूण केली आणि प्रत्येक खुणेपाशी थांबून विचारलं, इथे ताई काय म्हणाल्या? सगळीकडे एकच उत्तर मिळालं: ‘बरं सर.’ तुमच्याकडून ‘नाही’ आलं नाही याचं मला फारसं वाटलं नाही. मला खटकलं ते हे की ‘याचे किती होतील’ हेही एकदा आलं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुम्ही त्या एकच समजून बसला आहात.

आधी एक साधा प्रश्न. अंक १७६ वरून २०८ पानांवर गेला, म्हणजे सोळा पानांचे दोन फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापायचे पानांचे गठ्ठे) वाढले. ते छापखान्याने फुकट छापून दिले का? नक्कीच नाही. कागद वाढला, प्लेटा वाढल्या, बांधणी वाढली, आणि सरांनी ते बिल भरलंही असणार, फार तर थोडी घासाघीस करून. मग तेच सर तुमच्याच बाबतीत फायदा घेणारे कसे झाले? छापखान्याने त्यांना दर सांगितला होता फॉर्मचा. तुम्ही सांगितला होता अंकाचा. ‘अंक’ म्हटलं की त्यात किती पानं, किती प्रुफं, किती जाहिराती हे सरांच्या मनात कुठेच लिहिलेलं नाही. त्यांच्या लेखी तुम्ही अख्खा अंक २२,००० ला पत्करला होता, आणि जे जे अंकात आलं ते ते त्यात आलं.

म्हणून ‘फायदा घेतात’ हे घरच्यांचं वाक्य मला पटत नाही. असे ग्राहक असतात, नाही असं नाही. त्यांच्याकडे नंतर येते. पण छोट्या गावातून पदरमोड करून दिवाळी अंक काढणारा निवृत्त शिक्षक बहुधा त्यातला नसतो. तो स्वतः फुकट राबत असतो, लेखकांना जेमतेम मानधन देत असतो, आणि जाहिरातदारांच्या दारात उन्हातान्हात उभा असतो. सगळेच फुकट राबताहेत असं ज्याला दिसतं, त्याला तुमचं राबणं वेगळं कसं दिसावं?

मी काही वर्षं प्रुफं वाचायची कामं केली. तेव्हा खिळ्यांच्या, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं हाताने जुळवायच्या, छपाईत उमेदीची वर्षं घालवलेले एक वयस्कर जुळारी ओळखीचे झाले. ते सांगायचे, लेखक महाशय प्रुफात एक शब्द वाढवायचे आणि आमचा अख्खा परिच्छेद हलायचा. ओळ उसवायची, पुढच्या ओळीत खिळे ढकलायचे, परिच्छेद संपेपर्यंत. त्यामुळे त्यांच्या छापखान्यात हिशेब दोन असायचे. जुळणीची चूक असेल तर दुरुस्ती फुकट, लेखकाने मागाहून बदल केला तर त्याचे पैसे वेगळे. शिशाला वजन होतं, म्हणून बदलालाही होतं. लेखकाला समोर दिसायचं की आपल्या एका विशेषणापायी एक माणूस अर्धा तास वाकून बसला आहे.

संगणकाने ते वजन दिसेनासं केलं. सरांना वाटतं, कविता एका पानावरून दुसऱ्या पानावर न्यायला बोटाच्या एका टिचकीचं काम. तुम्हाला माहीत आहे की ती कविता हलली की खालचं पानपूरक, म्हणजे उरलेली जागा भरणारा मजकूर, बसत नाही, समोरच्या पानावरची अर्ध्या पानाची जाहिरात मागे जाते, अनुक्रमणिकेतले आकडे बदलतात, आणि जाहिरातदाराला ‘उजवं पान’ कबूल केलेलं असतं तेही चुकतं. तीन पानांच्या कविता वाढल्या की फॉर्म पुरा करायला आणखी तेरा पानं कुठून तरी भरावी लागतात. हे सरांना कोणी कधी सांगितलं? तुमच्या कामाचं वजन त्यांना दिसेल असं तुम्हालाच करावं लागणार आहे, आणि त्यासाठी फटकळपणा लागत नाही.

आता जरा तुमची बाजूही तपासू या, कारण पाच प्रुफांची सगळी जबाबदारी मी सरांवर टाकणार नाही. तुम्हीच लिहिलं आहे की निम्मा मजकूर श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, आला, तो सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये आणताना ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’ असे शब्द फुटले, अवतरणचिन्हं उलटी झाली, आणि दुसऱ्या प्रुफाचा बराच वेळ त्यात गेला. हे काम सरांनी वाढवलेलं नाही. मजकूर कशात येणार हे विचारून घेणं आणि रूपांतराचे पैसे आधीच धरणं तुमच्याकडे होतं. नसेल धरलं, तर फुटलेली जोडाक्षरं दुरुस्त करणं हे तुमचंच काम आणि तेही फुकट. जुळणीची चूक जुळाऱ्याची, तो जुना नियम इथेही लागू. मात्र तिसऱ्या प्रुफात एका लेखकाने कथेचा शेवट बदलून पाठवला, ती वाढ. संपादक मंडळातल्या चौघांनी चार वेळा चार पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, एकाने खोडलेलं दुसऱ्याने परत घातलं, ती तर शुद्ध वाढ. हे दोन ढीग आधी वेगळे करा. वेगळे केलेत की सरांशी बोलताना आवाज आपोआप स्थिर राहील, कारण आपण कुठे चुकलो हे आपल्याला माहीत असेल.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीतक दडलं आहे: ‘जास्तीचं केलं म्हणूनच सर पुढच्या वर्षी माझ्याकडे येतात.’ हे खरं आहे का? मला वाटतं ते तुमच्याकडे येतात कारण तुमची पानं स्वच्छ असतात आणि छापखान्याकडून फाईल परत येत नाही. फुकट केलेल्या जाहिराती त्यांच्या लक्षातही नसतील. जे बिलावर दिसत नाही ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आणि त्या जास्तीच्या कामाची किंमत तुम्ही फारच कमी लावली आहे. तुम्ही हिशेब केलात तो तासाचा: २४४ रुपये पडायचे ते १२९ पडले. पण पत्राच्या शेवटी एका ओळीत तुम्ही लिहून गेला आहात की सप्टेंबरात दोन पतसंस्थांचे अहवाल ‘वेळ नव्हता म्हणून’ परत पाठवले. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे अहवालांचा हंगाम आणि दिवाळी अंकाची घाई नेमकी एकमेकांवर येते. अहवालाचं काम आखीव असतं. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, संचालकांचे फोटो, मागच्याच वर्षीचा साचा, आणि पैसे सभेच्या आत. ते सोडून तुम्ही कुणाच्या तरी शुभेच्छा जाहिरातीला समई लावत बसला होतात. तुमचा खरा तोटा तिथे आहे.

मग अंक सोडायचा का? माझं मत, यंदा नको. एकदा नीट बोलून, लिहून करून पाहा. ज्या माणसाला आपण आपला दर कधी सांगितलाच नाही, त्याला ‘परवडत नाही’ म्हणून सोडणं मला बरोबर वाटत नाही. शिवाय सर गेले तरी ‘बरं सर’ म्हणायची सवय तुमच्याकडेच राहणार आणि पुढच्या स्मरणिकेच्या वेळी पुन्हा वर येणार.

बोलायचं कसं, ते सांगते. फोनवर काहीही कबूल करू नका. सरांशी मायेने बोला आणि शेवटी म्हणा, ‘मी सगळं लिहून पाठवते.’ मग साधारण असा निरोप पाठवा. आकडे मी तुमच्याच गेल्या वर्षीच्या दरावरून काढले आहेत (२२,००० भागिले अकरा फॉर्म, म्हणजे फॉर्मला २,०००). जाहिरातींचे आणि जादा प्रुफांचे आकडे नमुन्यापुरते आहेत, तिथे तुमचे घाला.

‘सर, नमस्कार. यंदाच्या अंकाच्या मांडणीचं लिहून पाठवते, म्हणजे आपल्या दोघांनाही सोपं जाईल. सोळा पानांच्या एका फॉर्मचे २,००० रुपये. फॉर्म वाढले तर त्याच दराने. यात दोन प्रुफं आली. त्यापुढच्या प्रत्येक प्रुफाला फॉर्ममागे २५० रुपये. माझ्याकडून झालेल्या चुका मात्र केव्हाही विनामूल्य दुरुस्त करीन. मजकूर युनिकोडमध्ये हवा. श्रीलिपीत आला तर रूपांतराचे वेगळे होतील. जाहिरात तयार आली तर नुसती बसवून देईन, मी करायची असेल तर पूर्ण पानाचे ४०० आणि अर्ध्या पानाचे २५०. मुखपृष्ठ, मोबाइलची आवृत्ती, निमंत्रणपत्रिका ही कामं वेगळी धरू. सगळ्यांच्या दुरुस्त्या तुम्ही एकत्र करून एकाच प्रुफावर द्याव्यात. निम्मी रक्कम काम सुरू करताना आणि उरलेली छपाईची पीडीएफ देण्याआधी. चालेल का, तेवढं कळवा.’

‘चालेल’ असं उत्तर आलं की झालं. स्टॅम्पपेपर लागत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यात तोंडी करारही करारच असतो. अडचण एवढीच की तोंडी बोललेलं दोघांना दोन तऱ्हेने आठवतं. लिहिलेल्याचा उपयोग कोर्टापेक्षा ऑक्टोबरातल्या त्या रात्री साडेअकराच्या फोनला जास्त होतो.

दुरुस्त्या एकाच हातून याव्यात, ही त्या निरोपातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. दर पाच-पन्नासने कमी केलात तरी चालेल, पण ही ओळ सोडू नका. चार संपादकांमधलं भांडण त्यांनी त्यांच्या बैठकीत मिटवायचं असतं, तुमच्या पडद्यावर नाही.

आणि मजकुराची तारीख घाला. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे आणि दिवाळीने कुणासाठी मुहूर्त हलवलेला नाही. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ महिना येऊन गेल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. सरांना वाटेल, चला, भरपूर दिवस मिळाले. ते जास्तीचे दिवस लेखकांच्या आळसात जाऊ द्यायचे की तुमच्या मांडणीला मिळायचे, ते आत्ता जूनमध्ये ठरतं. तुमच्या सप्टेंबरात अहवाल येणार आहेत, तेव्हा मजकूर ऑगस्टअखेर बंद आणि जाहिरातींची शेवटची तारीख १० ऑक्टोबर, असं काहीतरी पक्कं करा. त्यानंतर आलेली जाहिरात घ्यायची नाही असं म्हणू नका. जाहिरातींवरच अंक उभा असतो, आणि त्या उशिराच येतात. त्यानंतरच्या जाहिरातीला दीडपट, एवढं म्हणा. गंमत अशी की उशिरा येणारा जाहिरातदार ते खुशीने देतो. सरांनी त्याच्याकडून घ्यावेत म्हणजे झालं.

एवढं करूनही मध्येच फोन येईल. ‘ताई, एवढंच जरा करून द्या ना.’ तेव्हा ‘नाही’ म्हणायचं नाही. म्हणायचं, ‘हो सर, होईल. हे आपल्या कागदाबाहेरचं आहे, ५०० होतील आणि दोन दिवस लागतील. करू का?’ आणि गप्प बसायचं. खरी कसोटी त्या गप्प बसण्याची आहे. पलीकडे दोन सेकंद शांतता झाली की आपल्यालाच राहवत नाही, आपण म्हणतो, ‘बरं, राहू द्या, करते मी.’ मी हे इतक्यांदा केलं आहे की विचारू नका. एकदा एका प्रकाशकासाठी अनुवाद केला, ठरलेल्या शब्दांचा. मग प्रस्तावना, मलपृष्ठावरचा मजकूर, मग सूची. दर वेळी शांतता मीच भरून काढली. सूची करायला अकरा दिवस लागले होते.

कधी कधी तुम्हाला मनापासून फुकट द्यावंसं वाटेल. सरांच्या पहिल्या कथासंग्रहाची जाहिरात आहे, घ्या, करा. पण बिलात ती ओळ लिहा: ‘पूर्ण पान जाहिरात, ४०० रुपये, आकारले नाहीत.’ भेट दिल्याचं दोघांनाही दिसलं पाहिजे. नाही तर तुमच्या लेखी ती भेट आणि त्यांच्या लेखी ठरलेलं काम, आणि मनातली अढी मात्र तुमची एकटीची.

गेल्या वर्षीचे ७,००० रुपये. ते ठरलेल्या कामाचे आहेत, तेव्हा ते नवा फॉर्म उघडण्याआधी मागा, त्याच निरोपात, पहिल्या ओळीत. पण गेल्या वर्षीच्या वाढीव कामाचं बिल आता लावू नका. कायदा कदाचित तुमच्या बाजूने बोलेल. करार कायद्याच्या कलम ७० मध्ये असं आहे की फुकट करायचा इरादा नसताना कायदेशीरपणे कुणासाठी काही केलं आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. पण तुम्ही तेव्हा ‘बरं सर’ म्हणालात. आठ महिन्यांनी हिशेब काढलात तर सरांना तो विश्वासघात वाटेल, आणि मला त्यांचं अगदीच चुकलं असं म्हणता येणार नाही.

घरच्यांबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, मीही ओझरतंच लिहिते. एक वही करा आणि रोजचे तास टिपा, कोणत्या कामाला किती. ‘घरात बसूनच तर करतेस’ म्हणणाऱ्या सासूबाईंना दाखवायची गरज नाही. पुढचा दर ठरवताना ती तुमच्या कामाला येईल.

हाच त्रास वेगळ्या धंद्यात असलेल्यांची पत्रंही माझ्याकडे पडून आहेत. लग्नाचे फोटो काढणारा सांगतो, अल्बम चाळीस पानांचा ठरला आणि आत्याबाईंचा फोटो राहिला म्हणून अठ्ठेचाळीस झाला. हॉटेलचं संकेतस्थळ करणारी सांगते, पाच पानं ठरली होती, मग ‘बुकिंगचं तेवढं बटण’ आलं. बटणामागे पैसे घेण्याची अख्खी यंत्रणा असते, पण मागणाऱ्याला दिसतं ते बटणच. तुम्हा सगळ्यांना वरचंच लागू आहे: कामाचं एकक ठरवा, पान, शब्द, फोटो, फेरी, जे असेल ते. एककाचा दर सांगा. एकूण आकडा शेवटी, आणि तोही ‘अंदाजे’ या शब्दासकट.

ज्यांचे ग्राहक कंपन्या आहेत, त्यांनी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवावी. ती ऑनलाइन होते आणि मोफत आहे. दलालाला पैसे देऊ नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात पैसे देण्याची मुदत करारानेही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. काम सुरू करण्याआधीच नोंदणी असलेली बरी. आणि मूळ फाईल, म्हणजे ज्यात बदल करता येतात ती, मागितली तर तो वेगळा व्यवहार आहे हे आधीच सांगून ठेवा. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. तेव्हा कागद होईल, त्या कागदावर रक्कमही येईल.

जे ग्राहक सगळं लिहून दिल्यावर, दर सांगितल्यावरही दर वेळी ‘आपल्यात कसले पैसे’ म्हणतात, त्यांच्याबद्दल मी म्हटलं होतं नंतर येते. त्यांच्यावर फार शब्द नकोत. त्यांना पुढचं काम करू नका. कारण देत बसू नका, ‘सध्या हातात कामं आहेत’ एवढं पुरे.

सर त्यातले निघाले, तर मला आश्चर्य वाटेल. ते निरोप वाचून थोडे दुखावतील, दोन दिवस फोन करणार नाहीत. कदाचित म्हणतील, ‘ताई, तुम्ही पण आता व्यवहारी झालात.’ त्यावर काही बोलू नका, हसा. मग बहुधा विचारतील, ‘बरं, जाहिरातीचे ते अडीचशे तेवढे दोनशे करा.’ करा. आणि तोवर, या दोन दिवसांत, त्या दोन पतसंस्थांना फोन करून विचारा, यंदाचा अहवाल कुणाकडे दिला आहे का.